उंच नळीची फटफटी

माहं नाव सदाशिव, पन अथी पंचक्रोशीत मले सारे इंजिनमिस्त्रीच म्हनते, अन तसं कोनी हाक मारली की मले अजूनही वाटते हा दुसऱ्याच कोनाले बोलावून राह्यला, कारन काय सांगू तुमाले ताई, आमच्या घरात मागच्या किती पिढ्या कोनी लोखंडाले हात लावला नव्हता, आमी सूतवाले, नागपूरचे विनकर, माहा बाप अन बापाचा बाप दोघंही मागाच्या खड्ड्यात पाय सोडून जन्म काढलेले. मी झोपेतून उठो ते धोट्याच्या आवाजानं अन झोपी जावो तेही त्याच आवाजात. आमच्या गल्लीत एकही घर असं नव्हतं का जथून खटखट येत नव्हती. मले लहानपनी वाटे सारं जग असंच वाजते.

मंग तो आवाज एकेका घरातून बंद होत गेला. पॉवरलूमचं लुगडं आलं बाजारात, आमच्या काठाच्या लुगड्याले कोनी विचारेना, बाप एक दिवस मागावरून उठला तो पुन्हा बसला नाही, अन वर्षभरात गेला. मी तवा चोवीस-पंचवीसचा असन. लग्न झालं होतं, शेवंता घरात आली होती, तिचं माहेर हे, रामटेकच्या पल्याड, तुमी आता जथी बसल्या ना तेच अंगन. धानवाल्याची पोरगी विनकराच्या घरात आली, पन तिचा हात असा होता ताई, सहा महिन्यांत ती माह्या मायपेक्षा चांगल्या कांड्या भराले लागली, धोट्यासाठी सूत गुंडाळाले. माय म्हने इच्या बोटाले डोळे आहेत. पन भरलेल्या कांड्या कोनासाठी, माग तर बंद. मले नागपूरच्या बाहेर वाडी गावाले काम भेटलं, अमरावती रोडवर, एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमंधी, आलेला माल उतरवून घ्याचा, कोनता माल कुठी ठेवला ते ध्यानात ठेवाचं, अन गोडाऊन सांभाळाचं. माय गेल्यावर आमी दोघं वाडीलेच एका खोलीत राहाले गेलो. तथीच आमची पोरगी झाली. चंद्रकला. चंद्री म्हनो आमी तिले.

चंद्रीचं मी थोडक्यात सांगतो. अडीच वर्षांची होती. शेवंता तिले घेऊन अथी माहेरी आली होती, धानाच्या रोवन्यासाठी, म्हंजे लावनीसाठी, शेवंताची माय नव्हती, बाप एकटा, मानसं कमी पडे. तिसऱ्या दिवशी पोरीले ताप चढला अन ओकाऱ्या. त्या टायमाले गावाले रस्ता नव्हता, रामटेकपासून आठ मैल पायवाट, मंधात नाला, नाल्याले पानी. गावातला एक मानूस सायकल खांद्यावर घेऊन नाला उतरला, रामटेकले गेला, तथून एका ट्रकवाल्यापाशी निरोप देल्ला, तो निरोप मले वाडीले दुसऱ्या दिवशी सकाळी भेटला. मी होतो तसा निघालो. बसनं रामटेक, तथून पायी, नाल्यात छातीएवढं पानी. पोचलो तवा दिवस बुडून राह्यला होता अन पोरीले त्याच दुपारी मातीत ठेवून आले होते. शेवंता भितीले टेकून बसली होती. मले पाहून म्हनली, बसा, पानी देतो. बस, एवढंच. तिनं मले कधी म्हनलं नाही का तुमी काहून आले नाही. म्हनली असती तर बरं झालं असतं.

ती मंग वाडीले आलीच नाही. रोवना होऊ द्या म्हनली, मंग कापनी होऊ द्या म्हनली, मंग बापाची तब्येत, मंग पुन्हा रोवना. भांडन नाही, तंटा नाही. मी महिन्यातून एकदा जावो, अंगनात बसो, ती चहा देये, मी धानाची खबर घेवो, ती वाडीची खबर घेये, अन मी परत. दोन वर्षं असं चाललं. गावाच्या लोकाइले काय समजे काय नाही माहीत नाही, पन एका खेपेले, रोवन्याचेच दिवस होते, मामाजी, म्हंजे माहे सासरे, मले नाल्यापर्यंत सोडाले आले. बोलनारा मानूस नव्हता तो. नाल्याच्या काठी उभा राह्यला अन म्हनला, जवाईबापू, पोरीले घेऊन जा, नाही तर येनं थांबवा. तुमी येता त्याच्या आधी दोन दिवस ती जेवत नाही अन गेल्यावर दोन दिवस जेवत नाही. धान घरी येईपर्यंत काय ते ठरवा. मी म्हनलं, हो मामाजी. दुसरं काय म्हनू? नाला उतरलो अन रामटेकपर्यंत रडत आलो. धानाची हिरवी पाती साऱ्या बांध्यांत हालून राह्यली होती, आभाळ त्या पान्यात पडलं होतं, अन मी त्या आभाळावरूनच चालून राह्यलो असं वाटे, पायाखाली जमीनच नव्हती.

आता फटफटीचं ऐका.

आमच्या गोडाऊनच्या मागच्या कोपऱ्यात, फाटक्या ताडपत्रीखाली, एक गाडी पडली होती. माह्या आधीपासून. रामटेकच्या बाजूले मँगनीजच्या खदानी आहेत ना, तथी कोनी गोरा साहेब जमीन तपासाले आला होता म्हने, डोंगर-जंगल फिराले त्यानं आपल्या मुलुखातून ती गाडी आनली होती. जाताना मुंबईले पाठवाले म्हनून आमच्या गोडाऊनले आनून देल्ली, अन मंग साहेबाचा पत्ताच नाही. पत्र गेलं ते वापस आलं. किती वर्षं ती तथीच. मी रोज तिच्यावर पोते टाको, खरं सांगतो, तिच्यावर संत्र्याच्या रिकाम्या पेट्या रचून ठेवो. त्या दिवशी रामटेकून आलो अन सकाळी पेट्या काढता काढता ताडपत्री सरकली. पत्र्याच्या भोकातून उनाची एक तिरीप आली अन सीधी तिच्या मडगार्डवर पडली. मी वाकून पाह्यलं तर मडगार्डच्या आतून लाल माती चिकटली होती, वाळून दगड झालेली. बोटानं खरडली तर मातीत धानाचा भुसा.

मी तथीच बसून गेलो ताई. ही गाडी आमच्या नाल्यातून गेली आहे असं मले वाटलं. नसन गेली. पन मले तसं वाटलं. अन मंग मी ती नीट पाह्यली. रस्त्यावरच्या गाड्याइसारखी नव्हती ती, उंच, बारीक, मडगार्ड चाकापासून हातभर वर, टायरले ढेकळासारखे गठ्ठे, अन धुराची नळी खालून नाही, सीटच्या बाजूनं वर चढवलेली. हरनासारखी दिसे. मी मनात म्हनलं, नळी वर आहे म्हंजे पान्यातून जात असन ही.

गोडाऊनच्या मालकाले, शेठजीले इचारलं. शेठजी म्हनले, भंगारवाल्याले द्याची होती, तुले पाहिजे तर घेऊन जा, जागा तरी मोकळी होईन. वरून हासले, म्हनले, सदाशिव, तुले सायकलची चेन तरी बसवता येते का गा? नव्हती येत. खरंच नव्हती येत. पन कागदाचं त्याइनंच करून देल्लं, साहेबाच्या वेळची पावती होती ती जोडून, आपल्या शिक्क्याचं पत्र लावून. चांगला मानूस होता.

मंग रोज सकाळी गोडाऊन उघडाच्या आधी दोन तास मी तिच्यापाशी बसो. काय कराचं ते माहीत नाही. पहिले आठ दिवस तर नुसती पुसली. किक मारून पाह्यली तर पाय दगडावर मारल्यासारखा, हालेना. वाडीले एक गुलाबराव होते, खापरखेड्याच्या बिजलीघरातून रिटायर झालेले फिटर, सकाळी चहाच्या ठेल्यावर बसत. त्याइले सांगतलं तर ते म्हनले, मोठ्या मशीनीचं मले समजते, या पिल्लाचं नाही, पन लोखंड लोखंडच असते, आतमंधी जाम झालं असन, प्लग काढ, भोकातून घासलेट सोड अन विसरून जा. मी इचारलं, प्लग म्हंजे कोनता? त्याइनं चहाचा कप खाली ठेवला अन माह्याकडे पाह्यलं. मंग उठून आले माह्यासंग, अन बोटानं एकेक दाखवला, हा प्लग, हा सिलिंडर, हे कार्बोरेटर, याच्यातून पेट्रोल अन हवा आत जाते. मी पोथीसारखं पाठ केलं.

घासलेट सोडलं अन पंधरा दिवस हात लावला नाही. विसरून जा म्हनले पन विसरतो कसा, मी झोपेत पाहो, ते घासलेट थेंब थेंब उतरून राह्यलं, खाली खाली, कोन्या अंधाऱ्या विहिरीत. सोळाव्या दिवशी गाडी गियरमंधी टाकली अन मागचं चाक धरून पुढं-मागं झुलवाले लागलो, लेकराचा पाळना हालवतात तशी. कितीतरी वेळ काहीच नाही. अन मंग, काय सांगू, आतून एक उसासा आला. खरंच उसासा. अन चाक बोटभर फिरलं. मी एकटा त्या गोडाऊनमंधी उभा राहून हासाले लागलो.

हवेच्या डब्ब्यात उंदराचं घर निघालं, सुतळीचं अन कागदाचं, ते काढलं. टाकी गंजली होती, तिच्यात चिंचेचं पानी अन बारीक गोटे टाकून पोटाशी धरून हालवली, दोन दिवस माहे हात दुखे. प्लग घासला, आतल्या पॉइंटची पत्री पालिशपेपरनं साफ केली, तवा ठिनगी पडाले लागली, निळी, एवढीशी. पोळ्याच्या चार दिवस आधी पेट्रोल टाकलं अन किक मारली. मारली, मारली, घाम आला, अन एकदम ती पेटली! टूंग टूंग टूंग करत, पांढरा धूर साऱ्या गोडाऊनमंधी, शेठजी पळत आले, हमाल पळत आले, अन मी हँडल धरून उभा, मले तर धोट्याचा आवाज परत आल्यासारखं वाटलं, इतक्या वर्षांनी माह्या हाताखाली काही चालून राह्यलं होतं. मी आवाज वाढवला. अजून वाढवला. अन मंग एक किंचाळी आली, चर्रर्र, अन गाडी बंद. किक पुन्हा दगड.

गुलाबराव आले, वाकले, टाकीत बोट बुडवून वास घेतला. म्हनले, पेट्रोलमंधी तेल किती टाकलं? मी म्हनलं, कोनतं तेल? त्याइनं बोट फडक्याले पुसलं. मंग म्हनले, ही टू-स्ट्रोक आहे गा, इले पेट्रोलमंधीच तेल मिळवून पाजा लागते, तू तिले कोरडीच पळवली. उघडून पाह्यलं तर पिस्टनवर वाघानं नख मारल्यासारखे ओरखडे अन वरची रिंग तुटून आत रुतलेली. मले वाटलं झालं. जे हातात घेतो ते माह्यामुळंच मरते, असं मले वाटलं, तुमाले खोटं काहून सांगू.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अथी आलो. येवो का नको येवो असं करत आलो. अंगनात बसलो, शेवंतानं चहाचा कप पुढं केला अन माह्या हाताकडे पाहून थांबली. काळे होते हात, नखात काळं, रेषांत काळं, साबनानं जात नव्हतं. म्हनली, हाताले काय झालं? अन काय झालं कोन जाने, मी बोलाले लागलो. सारं सांगतलं तिले. मडगार्डची माती, धानाचा भुसा, घासलेट, उसासा, उंदराचं घर, निळी ठिनगी, सारं. दोन वर्षांत मी तिच्याशी तेवढं बोललो नव्हतो ताई. चहा थंडा झाला, मामाजी बैलं घेऊन आले अन गेले, अन ती समोर बसून ऐकत होती, हनवटी गुडघ्यावर ठेवून. शेवटी म्हनलं, तेल टाकाचं माहीतच नव्हतं मले, कोरडीच चालवली. तर ती म्हनली, आता मानूस तव्यावर भाकर टाकते तरी पानी लावते, तुमी एवढ्या मोठ्या मशीनीले... अन तिले हासू आलं. तोंडाले पदर लावला तिनं, पन मले दिसलं. चंद्री गेल्यावर पहिल्यांदा.

निघताना म्हनली, ते जे नाकासारखं म्हनलं ना तुमी, हवा घेते ते, ते मले पाह्याचं आहे.

मंग मी महिन्याची वाट नाही पाह्यली, दर इतवारी आलो. कापडी पिशवीत एकेक तुकडा घेऊन. बसमंधी लोक इचारत, काय आहे गा पिशवीत, मी म्हनो पाहुनचार. मामाजी कपाळाले हात लावत, म्हनत, दुसऱ्याचे जवाई फळं आनते, माहा जवाई लोखंड आनते. पहिल्यांदा ते नाकच, कार्बोरेटर, आनलं. त्याच्या आत पितळेचा एवढासा खिळा असते, त्याले केसाएवढं भोक, पेट्रोल वाळून ते बुजलं होतं अन गुलाबरावनं सांगतलं होतं की तार घालू नको, भोक मोठं होईन. शेवंतानं ते डोळ्यापाशी धरलं, उजेडाकडे केलं, अन उठून गोठ्यात गेली. शिंगाले पोळ्याचं हिंगूळ लागलेल्या बैलाच्या शेपटीचा एक केस घेऊन आली. तो केस त्या भोकातून तिनं असा ओवला जसा धागा ओवाचा, पुढं-मागं, पुढं-मागं, अन मंग मले म्हनली, पाहा. मी पाह्यलं. त्या इवल्या भोकातून मले सारा नाला, नाल्यापल्याडची टेकडी, टेकडीवरचं रामाचं देऊळ, सारं दिसलं. खरं म्हंजे नुसता उजेड दिसला असन. पन मले आठवते तसं सांगून राह्यलो.

इंजिनाच्या दोन अंगाच्या मंधात गॅसकेट म्हनून पातळ पुठ्ठा लागते, तो तिनंच सुचवला. आमच्या नागपूरच्या घरी माळ्यावर मागाचे जुने पत्ते पडले होते, काठावर नक्षी उठवाले लागनारे, भोकं पाडलेले जाड पत्ते. भोकं नसलेली जागा पाहून तिनं कैचीनं कापले, तेलात भिजवले, सुताएवढा फरक नाही. मी वाडीले खरादवाल्याकडून, म्हंजे लेथवाल्याकडून, सिलिंडर आतून कोरून घेतलं अन त्याच्या मापाचा देशी पिस्टन शोधला, तो भेटाले तीन हप्ते लागले. अन रिंगा? रिंगा मी उलट्या बसवल्या, तिनं पाह्यलं अन म्हनली, अहो, या बाजूनं खूण आहे, खूण उगीच असन का?

तो सारा भादवा अन अश्विन मले आता सपन्यासारखा वाटते. आमी अंगनात चटई टाकून बसो, मंधात ते चमकते तुकडे, पल्याड धान फुटून राह्यलेलं, लोंब्यात दूध भरून राह्यलेलं, वाऱ्यासंग त्याचा गोड वास येये. बोलनं कमीच. हे धरा. ते द्या. थोडं अजून. अन एकदा ती तसंच काम करता करता, मान खाली, म्हनली, चंद्री शेवटी तुमचं नाव घेऊन राह्यली होती. मी म्हनलं, हो? ती म्हनली, हो. मंग आमी दोघंही तो तुकडा पुसत राह्यलो, घासलेटाच्या फडक्यानं, पुसून झाला तरी पुसत राह्यलो. मामाजी दाराशी उभे होते. ते मागच्या मागं घरात गेले.

दिवाळी झाली अन गाडी जोडून झाली. तेल मी शेवंतानं खूण करून देल्लेल्या बाटलीनं मोजून टाकलं, एवढ्या पेट्रोलले एवढं. वाडीच्या मैदानात चालवाले शिकलो, चार वेळा पडलो, गुडघा फोडला. अन एका सकाळी, कार्तिकातली थंडी होती, गुलाबराव म्हनले, आता जा, अन मी निघालो. नागपूर पार केलं, कामठी, मनसर, अन रामटेकची टेकडी धुक्यातून वर आली तवा ऊन पडलं होतं. रामटेकपासून पायवाट. अन तथी ताई, त्या गाडीले काय झालं मले सांगता येत नाही. डांबरी रोडवर ती जरा लाजून चालत होती, अन त्या वाटेवर आली तशी आपसूक चालाले लागली, खड्डा आला की चढे, मुळी आल्या की उडे, सागाची वाळकी पानं मागं उडून राह्यली, अन मले वाटलं मी नाही चालवून राह्यलो, तिलेच घर माहीत आहे. नाल्याले गुडघाभर पानी होतं. मी थांबलो नाही. पान्याचे दोन पांढरे पंख दोन्ही बाजूले उठले, नळी वर धूर सोडत राह्यली, अन मी पल्याड.

शेवंता कापलेल्या बांधीत उभी होती, हातात इळा. मी गाडी बंद केली. एकदम एवढं शांत झालं की धानातल्या पाखराइचे पंख ऐकू आले. ती म्हनली, टेकडीच्या वळनापासून ऐकून राह्यली मी. मंग गाडीजवळ आली, गरम टाकीवर हात ठेवला, अन इचारलं, किती वेळ लागला? मी म्हनलं, तीन तास, सवा तीन. माही मान वर होईना. मले माहीत होतं ती कोनता हिशेब करून राह्यली. तो मीही साऱ्या रस्त्यानं केला होता. तिनं हातातला इळा खाली ठेवला. मंग म्हनली, मले वाडीले नाही याचं. पोरगी अथी निजली आहे. तिले सोडून मी नाही येत. मी म्हनलं, नको येऊ वं. मीच येतो. हे मी ठरवून नव्हतो आलो. तोंडातून निघालं. अन निघालं तवा समजलं की हेच बोलाले मी दोन वर्षं येऊन राह्यलो होतो.

मामाजी म्हनले, खाल काय तुमी अथी? धान तर माह्या अन पोरीच्याच पोटाले पुरते. पन त्या वर्षांत गावागावात पान्याची डिझल इंजिनं येऊन राह्यली होती, अन बंद पडलं की मिस्त्री रामटेकून आना लागे, तो आठ-आठ दिवस येत नव्हता. पहिलं इंजिन मी घाबरत घाबरत उघडलं, गुलाबराव म्हनले तसं, लोखंड लोखंडच असते. चाललं. मंग दुसऱ्या गावाहून बोलावनं आलं. बांधाबांधानं, नाल्यानाल्यातून, जथी बैलगाडी फसे तथी ती फटफटी जाये, पाठीमागे पाना-हातोड्याची पिशवी. असा मी मिस्त्री झालो.

अन शेवंता? कापनी झाल्यावर बांध्या कोरड्या पडतात, तथी एक दिवस म्हनली, मले शिकवा. मी हासलो. म्हनली, हासता काहून, आर्धी तर मीच बनवली. नऊवारीचा कासोटा घट्ट मारला अन बसली. गाव बांधावर उभं राहून पाहून राह्यलं, म्हाताऱ्या बाया तोंडाले पदर लावून, मामाजी तर घरातूनच बाहेर नाही आले. पडली, उठली, पडली, उठली. चौथ्या दिवशी तिनं साऱ्या बांध्यांले एक फेरा मारला, मागं धूळ उडे सोन्यासारखी, केस सुटून गेले होते, अन ती परत आली तवा डोळ्यातून पानी वाहून राह्यलं होतं, म्हनली, वाऱ्यानं आलं. मी म्हनलं, हो, वाऱ्यानंच.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. पाऊसकाळ होता, मी त्या दिवशी दुसऱ्या गावी पायीच गेलो होतो, गाडी घरी. शेजारच्या बाईचं लेकरू, वर्षाचं, ओकाऱ्या अन ताप, डोळे पांढरे केले त्यानं. बाई रडत आमच्या दारात. शेवंतानं मले सांगतलेलं हे. ती म्हनते, मी काही इचार केला नाही, लेकराले त्याच्या मायच्या छातीशी लुगड्यानं बांधलं, मायले मागं बसवलं, अन म्हनलं, डोळे मिट अन मले धरून राह्य. नाल्याले मांडीएवढं पानी होतं. मंधात गाडी हालली, दगडावरून चाक सरकलं, पानी इंजिनावर आलं. पन नळी वर होती. ती म्हनते, मी तवा मोठ्यानं ओरडत होती, काय ओरडत होती ते आठवत नाही. मागची बाई सांगते, ती म्हने थांबू नको माय, थांबू नको माय. गाडीले म्हनत होती का लेकराले, कोनाले माहीत. दीड तासात रामटेकच्या दवाखान्यात. डॉक्टरनं सलाईन लावली. मी घरी आलो, समजलं, धावत रामटेकले गेलो, तर शेवंता दवाखान्याच्या पायरीवर बसली होती, कंबरेपर्यंत चिखल, अन तिनं मले पाहून लहान लेकरासारखं सांगतलं, अहो, वाचलं. अन मंग माह्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली. त्या पायरीवर, साऱ्या लोकाइच्या समोर. चंद्रीसाठी ती तशी कधी रडली नव्हती. त्या दिवशी दोन्ही लेकराइसाठी रडली असन.

त्यानंतर दहा-बारा वर्षं ती गाडी कधी माही होती कधी गावाची होती. बाळंतीन असो, साप चावलेला असो, रामटेकले न्याचं तर मिस्त्रीकडे चला. अन मी नसलो तर मिस्त्रीनबाईकडे. लोक तिच्या बापाले सांगाले लागले, बापा, पोरगी आहे का कोन आहे. मामाजी शेवटी शेवटी एक दिवस मले म्हनले, जवाईबापू, मले एकदा बसवा. ऐंशीच्या घरात होते. धोतर खोचून बसले, मी हळूहळू गावच्या तलावापर्यंत नेलं अन आनलं, साऱ्या रस्त्यानं माही कंबर गच्च धरून होते. उतरल्यावर म्हनले, लोखंड वाईट नाही.

आमाले पुन्हा लेकरू झालं नाही. देवाची मर्जी. आता पिस्टन भेटत नाही त्या मापाचा, दोनदा खरादवाल्यानं बनवून देल्ला, तो खरादवालाही आता गेला. चार वर्षं झाली ती पडवीत उभी आहे. नाल्यावर पूल झाला, डांबर आलं, बस दिवसातून दोनदा थेट गावात येते, विजेच्या मोटारी आल्या तशी इंजिनं बंद पडाले लागली अन माहं कामही कमी झालं. मले त्याचं वाईट नाही वाटत, खरंच. विनकराचं काम जाताना पाह्यलं तवा जीव तुटला होता, आता समजते की काम येते अन जाते, नदीसारखं. मी सकाळी अंगनात बसतो, धानावरून वारा येते, शेवंता गोठ्यातून काही ना काही म्हनत राहते, तिचा आवाज आता थोडा घोगरा झाला, मले अर्धं ऐकू येते अर्धं नाही, पन मी हो म्हनतो. ती म्हनते, काय हो, मी काय म्हनलं ते तरी समजलं का? मी म्हनतो, समजलं वं. दोघंही हासतो.

आता कोनाची वाट पाह्याची राह्यली नाही, अन कोनाले वाट पाह्याले लावाची राह्यली नाही. मानसाले याच्याहून जास्त काय लागते, मले तर माहीत नाही. तुमालेही देव एवढं देवो, ताई.